फातोर्ड्याला निळी जर्सी घालून

अंधेरीच्या स्टेडियममध्ये तुम्ही कधी मुंबई सिटी विरुद्ध केरला ब्लास्टर्स मॅच बघितली असेल तर तिथे पिवळा, म्हणजे ब्लास्टर्सचा, रंग किती असतो ते तुम्हाला माहितीय. हे सगळे लोक काही कोचीहून रात्रभर प्रवास करून आलेले नसतात, बरेचसे वाशीचे, कल्याणचे, वसईचे, आपल्याच लोकलने आलेले मल्याळी, ज्यांची दुसरी पिढी इथेच शाळा-कॉलेजात शिकली. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचंही तेच, मुंबईत बंगाली माणूस कमी नाही. आणि गोव्याचं तर बोलूच नका, धोबी तलावच्या बाजूला अजून गोवेकरांचे कुड आहेत, एकेका गावाच्या नावाने चालणारे, शंभर वर्षांपूर्वी बोटीवर कामाला जाणारे लोक तिथे उतरायचे. म्हणजे काय, तर मुंबईत प्रत्येक टीमचे अवे सपोर्टर, म्हणजे पाहुण्या टीमचे लोक, आधीपासूनच राहतात. त्यांना तिकीट काढून स्टेशनवरून चालत यायचंय फक्त.

उलट बाजूला बघा. कोचीत मुंबई सिटीचे किती लोक राहतात? कोलकात्यात? जमशेदपूरला, गुवाहाटीला? जवळजवळ कोणीच नाही. बंगलोरमध्ये आयटीतली मराठी पोरं थोडी येतात, कांतीरवाला दहा-पंधरा जण ओळखीचे निघतात, पण बाकी ठिकाणी आपण मुंबईहून गेलो नाही तर तो कोपरा रिकामाच राहणार. टीम वॉर्म-अपला मैदानात येते तेव्हा प्लेअर्स एकदा स्टँडकडे बघतात हे मी स्वतः पाहिलंय, सगळीकडे दुसरा रंग आणि एका टोकाला आपले तीस-चाळीस निळे, आणि मग त्यातला एखादा हात वर करतो. त्यासाठी जायचं. मला कोणी विचारलं की टीव्हीवर दिसते मॅच, पैसे घालून, सुट्टी घालून कशाला जातोस, तर माझं उत्तर एवढंच आहे.

आमच्या सपोर्टर ग्रूपमध्ये कोल्हापूरचा एक पोरगा आहे, आता नोकरीला ठाण्यात, लहानपणापासून शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल टीम्सच्या, मॅचेस बघत वाढलेला. त्याला सुरुवातीला अवे ही भानगडच नवीन होती, कारण कोल्हापुरात सगळ्या तालमी एकाच मैदानावर खेळतात, दोन्हीकडचे सपोर्टर त्याच स्टेडियमवर येतात, पेठेतून चालत. ईर्षा मात्र अशी की आपल्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) कुठल्याही मॅचमध्ये मी तेवढी बघितली नाही. तो पहिल्यांदा आमच्याबरोबर फातोर्ड्याला, गोव्याच्या टीमच्या मैदानावर, आला तेव्हा म्हणाला, भावा, अर्ध्या स्टेडियमला आपण ओरडायचं एवढंच मला माहिती होतं, सगळं स्टेडियम विरुद्ध असताना ओरडायला वेगळाच दम लागतो. आता तो पहिला नंबर लावतो प्रत्येक ट्रिपला.

पहिली अडचण असते तारखांची, आणि बाहेरच्या देशातल्या फॅन्सना ती समजावून सांगता येणार नाही. आपल्याकडे रेल्वेचं ॲडव्हान्स रिझर्वेशन आधी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आता लीगचं पूर्ण वेळापत्रक वेळेवर आलं तर ६० दिवस भरपूर आहेत, पण फिक्सचर्स बऱ्याचदा अर्ध्या-अर्ध्या सीझनच्या येतात आणि प्ले-ऑफचं तर शेवटच्या आठवड्यापर्यंत कळतच नाही. २०२४ चंच बघा. मुंबई सिटी लीगमध्ये दुसरी आली म्हणून थेट सेमीफायनलला गेली, पण समोर कोण ते २० एप्रिलला गोव्याने चेन्नईयिनला हरवलं तेव्हा ठरलं, आणि पहिला लेग, म्हणजे सेमीच्या दोन मॅचेसमधली पहिली, फातोर्ड्याला २४ एप्रिलला, बुधवारी. चार दिवस! त्यात एप्रिलचा शेवट, शाळांना सुट्ट्या, अख्खी मुंबई कोकणात निघालेली, कोकण रेल्वेच्या गाडीत वेटिंगसुद्धा मिळत नाही अशा दिवसांत. मग तत्काळ. एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला, आमच्यातले बरेच जण आपापल्या ऑफिसमध्ये, एक जण तर टपरीवर उभा राहून, सगळे एकाच वेळी फोनवर, ज्याला मिळेल त्याने जास्तीत जास्त चार जणांची काढायची. ज्यांना नाही मिळाली ते रात्रीच्या बसने आले, पनवेलपासून कंबर मोडत.

बसचं सांगतो म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नंतर राहून जाईल. मुंबई-गोवा हायवेवर रात्री बाइकने किंवा झोप न झालेल्या ड्रायव्हरबरोबर गाडीने मॅचला जाऊ नका. कितीही मस्त वाटत असलं तरी नको. चौपदरीकरण कितीतरी वर्षं चाललंय, कुठे रस्ता गुळगुळीत, कुठे अचानक डायव्हर्जन, आणि रात्री ते दिसत नाही. मार्च २०२२ ला फातोर्ड्याला ब्लास्टर्स आणि हैदराबादची फायनल होती, तिला केरळहून येणारी दोन तरुण पोरं बाइकवर होती, कासरगोडजवळ अपघातात गेली. ती आपल्या टीमची नव्हती पण मला ती बातमी वाचून दिवसभर काही सुचलं नव्हतं, कारण ती आपल्यासारखीच होती, सीझनभर वाट बघून निघालेली. तिकीट मिळालं नाही तर पुढची मॅच बघू. ग्रूपवर हा नियमच आहे आमचा आणि त्यावर वाद चालत नाही.

आता गोव्याला जायचं तर गाडी म्हणजे कोकणकन्या. रात्री अकराच्या सुमाराला सीएसएमटीवरून सुटते, दादर-ठाणे-पनवेल करत, आणि सकाळी मडगाव. जनशताब्दी, तेजस, २०२३ पासून वंदे भारतही आहे, ती पहाटे निघून दुपारी एकच्या सुमाराला मडगावला पोचते, म्हणजे एका दिवसाची सुट्टी घेऊनसुद्धा संध्याकाळची मॅच गाठता येते. वंदे भारत सोयीची आहे हे मान्य, पण पोरांना घेऊन जायचं तर स्लीपरच. रात्री ठाण्याला सगळे चढले की जर्सी बॅगेतून बाहेर, मग कोणीतरी घरचे थेपले काढतो, कोणीतरी वडापाव पार्सल आणलेले असतात, आणि रोह्यापर्यंत फक्त फुटबॉल. आपल्या विंगरला, छांगतेला, उजवीकडे खेळवावं की डावीकडे यावर दोन माणसं वरच्या आणि खालच्या बर्थवरून भांडतात, आणि बाजूचे गावाला निघालेले काका विचारतात, कसली मॅच रे बाळांनो? आपण सांगायचं, फुटबॉल, मुंबईची टीम, गोव्याला. बहुतेक वेळा काकांना मुंबईची फुटबॉल टीम आहे हेच माहिती नसतं. मला हे वाईट वाटायचं आधी, आता नाही वाटत, आता मी नीट बसून सांगतो, कारण हीच ती माणसं आहेत ज्यांची नातवंडं उद्या अंधेरीला यायला हवीत. २०१४ ला क्लब सुरू झाला, पहिली घरची मॅच नेरूळच्या डी. वाय. पाटीलला पुण्याविरुद्ध ५-० जिंकली, आंद्रे मोरित्झने हॅट्‌ट्रिक मारली, ती लीगमधलीच पहिली हॅट्‌ट्रिक. इथपासून सुरू करायचं. चिपळूण येईपर्यंत २०२३ पर्यंत पोचतो आपण, अर्थात काका तोपर्यंत जागे असले तर.

रोह्यानंतर थोडं पुढे गेलं की बहुतेक सिंगल लाइन. क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली, मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर अंधारात, आणि मग समोरून मालगाडी किंवा दुसरी एक्सप्रेस धडधडत जाते. रत्नागिरी पहाटे येते, चहा तिथे घ्यायचा. माझं गाव कुडाळजवळ, आणि आत्या अजून तिथे असते, म्हणून गोव्याची अवे मॅच ही माझ्यासाठी बाकीच्या अवेसारखी कधीच नाही. गाडी कणकवली सोडते, बाहेर लाल माती आणि काजूची झाडं, पोरं उठून दारात येतात. एकदा आत्या कुडाळ स्टेशनवर डबा घेऊन उभी होती, घावणे आणि नारळाची चटणी, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढे, आणि गाडी दोन मिनिटं थांबते तेवढ्यात मला म्हणाली, गोव्याक जातंस नि घराक येवक नाय? येताना उतरेन म्हटलं आणि खरंच उतरलो येताना, तिच्याकडे जेवून मग पुढच्या गाडीने मुंबई. ज्यांचं गाव या लाइनवर आहे त्यांना माझं हेच सांगणं आहे की मॅचला जाताना गावाला जोडून घ्या, घरच्यांचाही विरोध कमी होतो. आई आधी फुटबॉलसाठी गोव्याला जातोय म्हटलं की चिडायची, आता आत्याकडे द्यायला पिशवी भरून देते.

मडगावला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे खाणं. ते सगळं नीट सांगत बसलो तर पोस्ट दुसरीकडेच जाईल, पण चोरीस (गोव्याचं सॉसेज) पाव खा आणि संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट खा, एवढं सांगतो. दुपारी ऊन असतं, समुद्रावर जायचा मोह होतो, कोलवा जवळच आहे, पण दुपारी समुद्रात खेळून आलेला माणूस सेकंड हाफला ओरडू शकत नाही हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

फातोर्डा स्टेडियम, म्हणजे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, साधारण १९ हजारांचं. भारतातल्या मैदानांमध्ये माझं सगळ्यात आवडतं, अंधेरीचं सोडून. कारण तिथे फुटबॉल बघायला येणारा माणूस फुटबॉल बघायलाच आलेला असतो. आजोबा, त्यांची मुलगी, नातू, तिघं एका रांगेत, आणि आजोबा लेफ्ट बॅकला नावाने शिव्या घालतात, अगदी योग्य कारणासाठी. गोव्याच्या गावागावांत चर्चच्या बाजूला मैदान असतं आणि साळगावकर, धेंपो, चर्चिल, स्पोर्टिंग हे क्लब त्यांच्या घरात बोलले जातात, आयएसएल यायच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे तिथे टोमणासुद्धा खेळ कळणाऱ्या माणसाचा असतो. आपला सेंटर बॅक पुढे चढून मागे जागा सोडत असेल तर तुमच्या आधी ते ओरडून सांगतात.

गेटवरचं मात्र लक्षात ठेवा, हे सगळीकडेच साधारण सारखं. बॅग नको, पाण्याची बाटली नको, पॉवर बँक नको, बऱ्याच ठिकाणी सुट्टी नाणीसुद्धा काढून ठेवायला लावतात. ड्रम आणि मोठा बॅनर न्यायचा तर आधी यजमान क्लबला मेल करून परवानगी घ्या आणि त्याची प्रिंट जवळ ठेवा, फोनमधला मेल दाखवला तर गेटवरचा पोलीस कधी मानतो कधी नाही. काठीचा झेंडा जवळजवळ कुठेच नेऊ देत नाहीत. आणि दुसऱ्या टीमच्या स्टँडचं तिकीट काढून आपली जर्सी घालून बसू नका, त्यात शौर्य काही नाही, स्टुअर्डला त्रास आणि आजूबाजूच्यांना पण.

२४ एप्रिल २०२४ बद्दल मी खूप जणांना तोंडी सांगितलंय, लिहिलं कधी नव्हतं. नऊ दिवस आधी, १५ एप्रिलला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला आपण शिल्ड, म्हणजे लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी, घालवली होती. ड्रॉ पुरेसा होता, २-१ हरलो, मोहन बागान ४८ पॉइंट्स आणि आपण ४७. त्या रात्रीनंतर ग्रूपवर दोन दिवस कोणी काही टाकलं नव्हतं. मग ही सेमीफायनल. बुधवार असल्यामुळे आम्ही थोडेच, त्यात उन्हाळा, शर्ट अंगाला चिकटलेला. सोळाव्या मिनिटाला गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला आणि हाफनंतर ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. ब्रँडन मडगावचाच. त्याच्या गोलला ते स्टेडियम कसं उसळलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, काँक्रीट हलत होतं पायाखाली.

२-० वर आम्ही थांबलो नाही. हे मला सांगायचंय. ऐंशीव्या मिनिटाला, पंच्याऐंशीव्या मिनिटाला, स्कोर तोच, वेळ संपत आलेली, पलीकडच्या स्टँडमधून पोरं हात हलवून कोंकणीत ओरडत होती, वचात घरा, वचात घरा, म्हणजे घरी जा, आणि आमचा परळचा एक काका, साठीचा माणूस, गळा बसलेला, तो ड्रमवाल्याला सांगत होता की थांबायचं नाही, शिट्टीपर्यंत थांबायचं नाही. आम्हाला काय वाटलं होतं, आपण जिंकू? नाही, असं कोणालाच वाटलं नव्हतं. दुसरा लेग अंधेरीला होता, एक गोल तरी परत यावा, एवढंच.

नव्वदाव्या मिनिटाला छांगते. २-१. आम्ही एकमेकांना मिठ्या मारून अजून वेगळे पण झालो नव्हतो तर विक्रम प्रताप सिंगने दुसरा घातला, २-२, मिनिटभराचं अंतर. मला तो गोल नीट दिसलाच नाही, मी खाली पडलो होतो दोन पोरांच्या मध्ये, उठून बघितलं तर आपले प्लेअर्स बॉल उचलून सेंटरला पळत होते, म्हणजे अजून हवा होता त्यांना! आणि ९०+६ ला पुन्हा छांगते. ३-२. सहा-सात मिनिटांत तीन गोल, दुसऱ्याच्या घरात, सेमीफायनलला. परळचा काका रडत होता. कोल्हापूरचा पोरगा जाळीला धरून उभा होता आणि काहीच बोलत नव्हता. शिट्टी झाल्यावर प्लेअर्स आमच्या कोपऱ्याकडे आले, राहुल भेके पण, तो मुंबईचाच पोरगा, आणि बराच वेळ टाळ्या वाजवत उभे राहिले. घरच्या मैदानावर ते सगळ्यांसमोर फिरतात. इथे सगळ्या स्टेडियममध्ये त्यांना यायला एकच जागा होती, आमची.

बाहेर पडायला आम्हाला अर्धा तास थांबवलं, गर्दी जाईपर्यंत, हे बरोबरच आहे आणि नेहमीचं आहे. मग गेटबाहेर गोव्याची काही पोरं उभी होती, तोंडं पडलेली. त्यातला एक आला आणि आमच्या ड्रमवाल्याशी हात मिळवून म्हणाला की दोन शून्यवर पण तुम्ही गप्प बसला नाहीत रे. मग त्यांनीच आम्हाला रात्री उघडी असलेली खाण्याची जागा दाखवली, त्यांच्यातल्या दोघांनी स्कूटरवरून पुढे जाऊन मालकाला थांबवून ठेवलं. आम्ही त्यांच्याशी मराठीत बोलत होतो, ते कोंकणीत, कोणाला काही अडलं नाही. दुसरा लेग आपण अंधेरीला २-० जिंकलो, त्याला त्यातले दोघं मुंबईला आले, एकाच्या मावशीकडे माहीमला राहिले. परत आपल्याच शहरात त्यांचं घर आहे, मघाशी म्हणालो ते हेच.

मॅच साडेसातची असली की संपेपर्यंत साडेनऊ होतात, आणि मुंबईला येणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटलेली असते. म्हणून रात्र काढायचीच. आम्ही मडगावला साध्या लॉजमध्ये एका खोलीत चार-पाच जण राहतो आणि सकाळची मांडवी पकडतो. मांडवीच्या पँट्रीचं खाणं चांगलं असतं, दिवसभर काही ना काही येतच राहतं, आणि दिवसा कोकण दिसतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात गाडी शिरली की आमच्यात गाण्याची प्रथा आहे, बोगदा संपेपर्यंत थांबायचं नाही. हरलो असलो तरी.

फातोर्ड्याची आमची दुसरी मोठी आठवण ११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. ५-३ जिंकलो आणि लीगच्या दोन मॅचेस बाकी असताना शिल्ड आपली झाली. तोपर्यंत सीझनमध्ये एकही मॅच हरलो नव्हतो, अठरा मॅचेस, डेस बकिंगहॅम कोच होता तेव्हा. मला ती रात्र एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाची वाटते. २०२०-२१ ला आपण शिल्ड आणि कप, म्हणजे प्ले-ऑफची ट्रॉफी, दोन्ही जिंकले होते, सर्जिओ लोबेराची टीम, सगळा सीझन गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, कोविडमुळे एकही प्रेक्षक नाही. १३ मार्च २०२१ ला फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने गोल केला आणि स्टेडियममध्ये आवाज फक्त बेंचवरच्या लोकांचा. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सीझन आणि आपल्यातलं कोणीच तिथे नव्हतं. म्हणून २०२३ ला त्याच फातोर्ड्याला, त्याच मैदानावर, जेव्हा शिल्ड आली आणि आम्ही तिथे होतो, तेव्हा बरीच मंडळी जी रडली ती दोन वर्षांपूर्वीचं पण रडली असं मला वाटतं.

कोची वेगळं. लांब आहे, नेत्रावतीने जवळपास सव्वा दिवस, म्हणून तिथे कमी जण येतात. कलूरच्या स्टेडियमला मेट्रोचं स्टेशन अगदी दारात आहे, आणि त्या स्टेशनातून बाहेर पडताना आजूबाजूला सगळं पिवळं असतं आणि तुम्ही निळे. मंजप्पडा, ब्लास्टर्सच्या सपोर्टर्सची फौज, एकदा सुरू झाली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. ऑक्टोबर २०२२ ला आपण तिथे २-० जिंकलो, मेहताब आणि दियाझ, दियाझ तर आदल्या सीझनला त्यांचाच होता. एवढ्या हजारो लोकांना गप्प होताना ऐकणं हा अनुभव घ्यायचा तर कोचीलाच घ्या. मॅचनंतर मेट्रोत मात्र कोणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट एका बाईंनी आमच्याबरोबरच्या मुलीला बसायला जागा दिली आणि मुंबईत त्यांचा भाऊ चेंबूरला असतो ते सांगितलं.

मुलींचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याबरोबर नेहमी येणाऱ्या चार-पाच जणी आहेत आणि त्यांना प्रवासापेक्षा स्टेडियमचाच त्रास जास्त होतो. एका शहरात पाहुण्यांच्या स्टँडमधलं लेडीज टॉयलेट कुलूप लावून ठेवलेलं, चावी कोणाकडे ते कोणालाच माहिती नाही, मॅच संपल्यावर पाऊण तास आत अडवून ठेवलं तेव्हा पण तीच परिस्थिती. आम्ही पंधरा मिनिटं गेटवर वाद घातला तेव्हा उघडलं. कोणाचं नाव घेत नाही कारण हे एकाच ठिकाणी होत नाही. पाहुण्यांचा कोपरा म्हणजे चाळीस लोक, त्यांच्यासाठी पाण्याचा स्टॉल कशाला, टॉयलेट कशाला, असा हिशोब असतो. पण लीगला पुढे चाळीसाचे चारशे व्हायला हवे असतील तर आधी त्या चाळिसांना नीट वागवावं लागेल, यात मला तरी काही शंका नाही.

आणि कोलकाता, ४ मे २०२४. गोव्याला हरवलं २९ एप्रिलला, फायनल पाच दिवसांनी, समोर परत मोहन बागान, मैदान परत सॉल्ट लेक. गीतांजलीने तीस तासांच्या आसपास लागतात, जाणाऱ्यांतले अर्धे ट्रेनने गेले, काहींनी विमानाला जो दर होता तो भरला, एकाने त्यासाठी नवीन फोन घेणं पुढे ढकललं. स्टेडियममध्ये ६२,००७ लोक, हा अधिकृत आकडा, आणि त्यात आपले किती असतील ते वरच्या रांगेतून हाताने मोजता आले असते. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला बागानच्या कमिंग्जने गोल केला तेव्हा जो आवाज आला त्याने छातीत धक्का बसतो, खरंच. हाफ टाइमला आमच्यातली एक म्हणाली, फातोर्ड्याला तर दोनने मागे होतो. मग ५३ ला दियाझ. ८१ ला बिपिन, तोच बिपिन, २०२१ च्या फायनलमधला, पण यावेळी त्याला ओरडणारं कोणीतरी होतं. शेवटी ९०+७ ला वोइटुस, ३-१. एकोणीस दिवसांपूर्वी ज्या मैदानावर शिल्ड गेली तिथेच भेकेने कप उचलला. बागानचे लोक निघून गेल्यावर त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये फक्त आमचाच आवाज होता आणि लाइट्स बंद करायला लागले तरी आम्ही हललो नाही.

यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये लीगच होल्डवर गेली. सपोर्टरच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की कॅलेंडर कोरं. सप्टेंबर आला की आम्ही सगळे ऑफिसच्या सुट्ट्या आणि अवेच्या तारखा एकमेकांसमोर ठेवून बसायचो, कोण कुठे येणार, कोण कोणाचं तिकीट काढणार, त्या वर्षी ते काहीच झालं नाही. प्लेअर्स आणि स्टाफच्या पगाराचा प्रश्न त्याहून मोठा होता, मान्य आहे, पण सपोर्टरचं पण काहीतरी तुटतं. जो पोरगा दोन वर्षं सलग येत होता त्याला एक सीझन घरी बसायची सवय लागली की परत त्याला ट्रेनमध्ये बसवणं अवघड जातं, असे तीन-चार चांगले जण आम्ही गमावलेत. त्यांना परत आणायचंय.

तर ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. गोव्याची तारीख जाहीर झाली की ६० दिवसांचं गणित करा आणि ज्या दिवशी रिझर्वेशन उघडतं त्या दिवशी सकाळी आठला तिकीट काढा, कोकणकन्या जाताना, मांडवी येताना. स्लीपरचं एका बाजूचं तिकीट पाचशेच्या आतबाहेर पडतं, मॅचचं तिकीट काहीशे रुपये, लॉज वाटून घेतला तर एका माणसाचं सगळं मिळून तीन हजारांत आरामात होतं. पहिल्यांदा येत असाल तर एकटे येऊ नका, ग्रूपबरोबर या, ठाण्याला चढा, आमचा डबा ड्रमच्या आवाजावरून सापडेल. जर्सी नसेल तर माझ्याकडे एल साइजच्या दोन जास्तीच्या आहेत, आधी मेसेज करा म्हणजे धुऊन ठेवतो.